मामांच्या चाकूची सुधारणा

४ फेब्रुवारी, रविवार

मामा आले. मामा म्हणजे सासरे. परवा उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, आता महिनाभर आमच्याकडे. हिची शाळा, त्यात परीक्षा, म्हणून दिवसा त्यांच्याजवळ राहायची जबाबदारी मी घेतली. आठ दिवसांची रजा टाकली. काम एकच. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचा. हिने वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं आहे. एवढ्या साध्या कामाला वेळापत्रक कशाला, असं मी म्हणालो. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा बरंच बोललेली असते.

मामांनी सामानाबरोबर तीन कुंड्या आणल्या आहेत. तिन्हीत रानगुलाबाचे काटेरी खुंट. चाळीस वर्षं नर्सरीत त्यांनी गुलाबाचे डोळे भरले. म्हणजे चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा कोंब सालीसकट काढायचा आणि रानगुलाबाच्या सालीत चीर देऊन आत बसवायचा. सासूबाईंनी लावलेला एक गुलाब जुन्या घराच्या अंगणात अजून उभा आहे. घर विकलं. नवा मालक महिनाअखेर अंगण साफ करणार. झाड म्हातारं, मुळासकट हलवलं तर जगणार नाही. म्हणून त्याचे डोळे या तीन खुंटांवर भरायचे. डॉक्टरांनी तीन आठवडे बारीक काम करू नका म्हणून बजावलं आहे. तोवर सगळ्यांनी थांबायचं.

५ फेब्रुवारी, सकाळी ११

मामांचा चाकू पाहिला. उशाखाली ठेवतात. घडीचा, लाकडी मुठीचा. पातं झाडांच्या चिकाने काळं पडलेलं. आणि धार फक्त एकाच बाजूने लावलेली. दुसरी बाजू पाटीसारखी सपाट. चाळीस वर्षं माणूस एकाच बाजूला घासत राहिला आणि कोणी सांगितलं नाही. वाईट वाटलं.

सात व्हिडिओ पाहिले. एकात एक गृहस्थ हवेत सोडलेला टिश्यू पेपर चाकूने कापतात. त्याआधी त्यांनी त्याच चाकूला नवा अँगल दिला आणि आरशासारखं पॉलिश केलं. अवघड काही नाही. लागते ती चिकाटी.

निर्णय झाला. मामांचा चाकू मी सुधारणार.

११.४०. दहाचा थेंब राहिला. बाराच्या बरोबर दोन घालावेत की कसं, कोणाला विचारावं कळेना. एकच घातला.

दुपारी मामांकडे विषय काढला. म्हटलं, चाकू जरा साफसूफ करतो. मामा म्हणाले, आहे तो बरा आहे, जावईबापू. मी म्हटलं, संकोच करू नका. मग त्यांनी उशाखालून काढून दिला. जुनी माणसं अशीच. आधी नको म्हणतात.

६ फेब्रुवारी

दगड आणले. चार. अगदी खरखरीत ते अगदी मऊ. दुकानदाराने विचारलं, खाटकाचं दुकान काढताय का. हसलो नाही.

नवा अँगल पंधरा अंश, दोन्ही बाजूंनी. कंपासपेटीतलं कोनमापक ओट्यावर उभं केलं, पातं त्याला टेकवलं. घासायला लागलो की कोनमापक पडतं. तीनदा पडलं. चौथ्यांदा सिंकमध्ये गेलं. शेवटी अँगल डोळ्याने ठरवला. अनुभवी माणसं तेच करतात.

७ फेब्रुवारी

व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे धारेवर मार्करने रंग दिला. दगड जिथे लागतो तिथला रंग जातो, म्हणजे आपला हात बरोबर की चूक ते कळतं. माझा रंग सगळीकडून गेला. धारेवरून, पात्याच्या पोटावरून, बोटांवरून, ओट्यावरूनही थोडा. म्हणजे दगड सगळीकडे लागला. कव्हरेज उत्तम.

पात्यावर आडवेतिडवे ओरखडे आले आहेत. ते पुढे पॉलिशमध्ये जातील. मोठ्या कामात मधली स्टेज कुरूपच असते. घर रंगवताना नाही का.

हिने संध्याकाळी फ्रिजवरचा कागद पाहिला. सहापैकी चार थेंबांवर खुणा होत्या. मी सांगितलं की खुणा करायच्या राहिल्या, थेंब नाही. हे पूर्ण खोटं नव्हतं. एक खूण खरंच राहिली होती.

८ फेब्रुवारी, दुपार

रस्त्यावर धारवाला आला होता. सायकलच्या मागच्या चाकाला दगड जोडलेला, पायडल मारत सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो. सहज म्हणून चाकू दाखवला. व्यावसायिकाचं मत घ्यायला कमीपणा कसला.

त्याने पातं उन्हात धरलं, अंगठा फिरवला. म्हणाला, साहेब, हा एका अंगाचा चाकू आहे. झाडवाल्यांचा. याची एक बाजू सपाटच ठेवतात. दुसऱ्या बाजूने कोणी घासला?

मी म्हटलं, मी.

तो म्हणाला, थांबा मग. अजून वेळ गेलेली नाही, मी सपाट करून देतो.

मी त्याला पंधरा अंश समजावून सांगितले. दोन बाजूंनी बलं समान वाटली जातात वगैरे. तो ऐकून घेत होता. शेजारच्या बाईंची कात्री हातात घेऊन ऐकत होता आणि मधेच पायडल मारायला लागला. ज्ञान घ्यायची तयारी लागते. ती सगळ्यांत नसते.

९ फेब्रुवारी

सपाट बाजूला पूर्ण दिवस दिला. हाताला गोळे आले. स्टील कडक आहे, पण मीही काही कमी नाही.

मामा पलीकडच्या खोलीत पडून असतात. काळा चष्मा, हात उशीवर. आवाज ऐकत असावेत. तीनच्या सुमारास आतून विचारलं, काय घासताय?

म्हटलं, तुमचाच चाकू.

ते म्हणाले, दोन्हीकडून?

म्हटलं, हो तर.

आतून पलंग करकरला. मग म्हणाले, चहा मिळेल का थोडा. कौतुक तोंडावर करायचं नाही हा त्यांच्या पिढीचा स्वभाव.

वयामुळे असेल, त्यांचा हात अधूनमधून उशाखाली जातो. काहीतरी चाचपतात. मग आठवतं आणि हात बाहेर काढतात. डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

११ फेब्रुवारी, रविवार

थेंबांची जबाबदारी हिने काढून घेतली. शाळेत जाताना, मधल्या सुट्टीत घरी येऊन, आणि आल्यावर दोनदा. मधले दोन थेंब शेजारच्या नर्सबाई घालणार. मी म्हटलं, मी घरात असताना नर्सबाई कशाला. ही म्हणाली, तुम्ही घरात कुठे आहात, तुम्ही ओट्यावर आहात.

शिवाय बाबांनी तुम्हाला हे करायला सांगितलंय का, असं तिने विचारलं. म्हटलं, सांगितलं नाही, पण चाकू त्यांनीच काढून दिला. ती म्हणाली, बाबांनी तुम्हाला मुलगीही काढून दिली होती, तेव्हाही त्यांना वेळेवर नाही म्हणता आलं नव्हतं.

थट्टेत म्हणाली. मी तरी थट्टा समजलो.

१३ फेब्रुवारी

रजा संपली. ऑफिस. चाकू बरोबर नेला. धार कितपत आली हे पाहायची शास्त्रीय पद्धत म्हणजे हातावरचे केस तासणे. फायली येईपर्यंत डाव्या हातावर चार ठिकाणी टेस्ट घेतली. काही केस गेले, काही उपटले. टक्केवारी काढली, साठ टक्के यश.

जेवणाच्या सुट्टीत रोखपालबाईंनी हात पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली. त्यांच्या दिरालाही असेच चट्टे उठले होते, लवकर दाखवलं म्हणून बरं झालं, असं म्हणाल्या. त्वचेच्या डॉक्टरांचा पत्ताही दिला. मी खरं कारण सांगितलं. त्यांनी खुर्ची आणखी मागे सरकवली.

उद्यापासून फुल शर्ट.

१६ फेब्रुवारी

काल रात्रीपासून पॉलिश सुरू. आधी पॉलिश पेपर, मग मेटल पॉलिश, मग चामड्याचा पट्टा. पट्टा म्हणून ऑफिसचा बेल्ट वापरला. दाराच्या कडीला अडकवायचा आणि पातं पुढे-मागे ओढायचं. व्हिडिओत म्हणतात हलक्या हाताने, दहा-बारा वेळा. मी जोर लावून तीनशे वेळा ओढलं. कष्टांत कंजूसपणा केला नाही.

बेल्टला तीन ठिकाणी काप गेले. म्हणजे धार आहे. सकाळी बस पकडताना पँट हाताने धरावी लागली, ती गोष्ट वेगळी.

पात्यावर कंपनीचा शिक्का होता, बारीक अक्षरांत. पॉलिशमध्ये गेला. नाहीतरी कोण वाचतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

पूर्ण. आजवर घरात हाती घेतलेलं एवढं मोठं काम मी असं तडीस नेलेलं आठवत नाही. पातं रुंदीला आधीच्या निम्मंच उरलं आहे, पण त्यामुळे रुबाबदार दिसतं. आरसा झालाय नुसता. मी त्यात दाढी राहिली आहे का ते पाहिलं. राहिली होती.

मामांना नेऊन दिला. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. चाकू उघडला. आधी नेहमीच्या बाजूवर अंगठा फिरवला, मग सपाट होती त्या बाजूवर. अंगठा तिथे थांबला. पुन्हा मागे आणला, पुन्हा तिथेच थांबला.

म्हणाले, छान चमकतोय.

मग मिटून खिशात ठेवला. उशाखाली नाही, खिशात. जवळ बाळगावासा वाटला.

ही दारात उभी होती. तिने मामांकडे पाहिलं, मामांनी खिडकीबाहेर पाहिलं.

२४ फेब्रुवारी

तीन आठवडे पुरे झाले, उद्या डोळे भरायचे. ही पहाटेच्या बसने जुन्या घरी जाऊन गुलाबाची काडी घेऊन आली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली. म्हणाली, झाडावर एवढी एकच काडी धड उरली होती. बाकी सगळं वाळलं. मालकाने फावडी-कुदळी आणून ठेवल्यात. या काडीवर धड डोळे तीन. खुंटही तीन.

मी म्हटलं, मग काय, हिशेब जुळला. आणि आता चाकूही तसा आहे.

ही म्हणाली, तीच काळजी आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे नंतर कोणी विपर्यास करू नये.

नऊ वाजता गॅलरीत बसलो. मामा पाटावर, पुढ्यात तीन कुंड्या. मी शेजारी पाण्याची वाटी धरून. मामांनी काडी डाव्या हातात घेतली, चाकू उघडला. हात अजिबात थरथरत नव्हता. पहिल्या डोळ्याच्या खाली पातं टेकवलं आणि वर ओढलं. एकाच ओढीत साल निघायला हवी. पातं अर्ध्यावर उसळलं, साल मधोमध फाटली. कोंब तुटून मामांच्या मांडीवर पडला.

मामांनी तो उचलून तळहातावर ठेवला.

दुसरा डोळा. या वेळी फार सावकाश. पातं आत घुसलं, खाली लाकडात. साल चेचली गेली. मामांनी थांबून श्वास घेतला, पुन्हा प्रयत्न केला. तो डोळाही गेला.

आता काडीवर एकच उरला होता.

मामा म्हणाले, डोळा अजून नीट झालेला नाही माझा. दिसतं, पण अंदाज येत नाही.

मी लगेच म्हणालो की मलाही तसंच वाटत होतं. ऑपरेशनमध्येच काहीतरी गफलत झाली असणार. मामांनी मान हलवली. चाकू मिटला.

तेवढ्यात ही आतून आली. हातात माझ्या दाढीच्या सामानातलं नवं कोरं ब्लेड. म्हणाली, जरा बाजूला व्हा. हे मला उद्देशून. मग पदर खोचून मामांच्या शेजारी जमिनीवर बसली. काडी घेतली. ब्लेडने एका ओढीत साल काढली, आतला लाकडाचा पापुद्रा नखाने सोडवला, खुंटाच्या सालीत उभी-आडवी चीर दिली, कोंब आत सरकवला, पट्टीने खालून वर बांधत नेला. सगळं मिळून दोन मिनिटं. मामा मधेच एकदा म्हणाले, घट्ट नको. ती म्हणाली, माहीत आहे, बाबा.

बावीस वर्षांच्या संसारात तिला डोळा भरता येतो हे मला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाली, आठव्या वर्षापासून येतो. तुम्ही कधी विचारलं नाहीत.

माझ्या हातातल्या वाटीतलं पाणी कोणाला लागलं नाही.

२६ फेब्रुवारी

ऑफिसात डोळ्यांच्या डॉक्टरांना पत्राचा मसुदा केला. दोन पानं. ‘अक्षम्य हलगर्जीपणा’, ‘एका ज्येष्ठ कारागिराच्या उपजीविकेचं साधन’, ‘सासूबाईंची शेवटची आठवण’ असे मुद्दे घेतले. उपजीविका हा शब्द मामा निवृत्त असल्यामुळे खोडला. बाकी भाषा करारी आहे. टायपिस्टने वाचून विचारलं, वकील केलात का.

पत्राआधी समोरासमोर जाब विचारावा असं ठरवलं. परवाची वेळ घेतली. मामा नको म्हणत होते. म्हटलं, तुम्ही फार साधे आहात. मी आहे ना.

२८ फेब्रुवारी

डॉक्टर तरुण आहेत. मी सुरुवात केली तेव्हा ते माझं म्हणणं लिहून घेत होते. मग त्यांनी मामांना खुर्चीत बसवलं, डावा डोळा झाकला, समोरची अक्षरं वाचायला सांगितली. मामांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी वाचल्या. शेवटची ओळ, जी मला चष्मा लावूनही मुंग्यांसारखी दिसत होती, तीही. डॉक्टरांनी दुसरं यंत्र लावलं. मग एक सुई आणि दोरा दिला. मामांनी पहिल्या झटक्यात ओवला.

डॉक्टर म्हणाले, दृष्टी उत्तम आहे. खरं तर माझ्या या वर्षातल्या सगळ्यात चांगल्या केसेसपैकी एक. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही म्हणता काप चुकले. कापलं कशाने?

मामा भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे पाहत होते.

पत्र खिशातच राहिलं.

परतताना बसमध्ये मामांना खिडकीची जागा दिली. मग मी विचारलं. जसं झालं तसं लिहितो.

“मामा, चाकूत काही कमी राहिलं होतं का?”

“कमी नाही. जास्त झालं.”

“म्हणजे?”

“त्याची सपाट बाजू काडीला टेकून चालते, जावईबापू. रुळावरून चालल्यासारखी. म्हणून काप सरळ जातो. आता ती बाजू गोल झाली. पातं कुठे जायचं ते आपलं आपण ठरवतं.”

“मग पुन्हा सपाट करता येईल.”

“स्टील कुठे राहिलंय तेवढं.”

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं? तुम्हाला आवाजावरून कळलं होतं ना?

मामा म्हणाले, “पहिल्या दिवशीच कळलं होतं. उठून यावंसं वाटलं. मग म्हटलं, आपल्या मुलीने लग्नापासून आपल्याला कायम हेच सांगितलंय की हे कुठलंच काम शेवटाला नेत नाहीत. आणि इथे माणूस चार-चार तास घासतोय. चाकू काय, दुसरा येईल. म्हटलं, होऊ दे एकदा यांचं काहीतरी पुरं.”

आमचा थांबा आला. मामांनी उतरताना माझा हात धरला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असेल की मीच त्यांना उतरवतोय.

४ मार्च, रविवार

मामा परत गेले. आता मेव्हण्याकडे राहणार. दोन रिकामे खुंट इथेच ठेवले. भरलेला खुंटही इथेच, हलवायचा नाही म्हणाले. हिच्यावर सोपवला.

सामान बांधून झाल्यावर टेबलावर चाकू दिसला. विसरले असं वाटून मी धावत जिन्याखाली गेलो. बस यायला अवकाश होता. चाकू पुढे केला.

मामांनी घेतला नाही. म्हणाले, “राहू दे तुमच्याकडे. भाजीला होईल.”

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. उत्तर देता आलं असतं.

ऑफिसातल्या एकाची नर्सरीवाल्यांशी ओळख आहे, त्याच्याकडून तसा चाकू मागवायचा विचार केला. नवा, एका बाजूचा. हिला सांगितलं. ती म्हणाली, मागवून झाला. मी बाबांच्या बॅगेत ठेवला सुद्धा. पंधरा दिवसांपूर्वीच सांगून ठेवला होता, यायलाच उशीर झाला.

पंधरा दिवसांपूर्वी म्हणजे अठरा तारखेच्या आसपास. मी आरशात दाढी पाहत होतो तेव्हा.

१२ मार्च

डोळा धरला. पट्टीच्या फटीतून कोंब बाहेर आलाय, तांबूस, तांदळाच्या दाण्याएवढा. हिने सकाळी पाहिला आणि गॅलरीतूनच मामांना फोन लावला. बराच वेळ बोलत होती. पाणी किती घातलं, पट्टी कधी सोडायची, वरचा रानटी फुटवा कधी छाटायचा. एकदा हसली, एकदा डोळे पुसले. फोन मला द्यायचा का म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी हाताने नको म्हटलं, दाढी करत होतो. दाढी झालेली होती.

संध्याकाळी ही यायच्या आत स्वयंपाकाला मदत करावी म्हणून चाकू काढला. टोमॅटो घेतला. हलक्या हाताने, मग जोर लावून. साल आत दबत गेली. शेवटी टोमॅटो फुटला, शर्टावर उडाला.

मग बटाटा. मग काकडी.

भाजीला होत नाही.